घोयऱ्याचा दुखवटा

आन्सेल्मो गेला आणि बायकोसाठी मागे एक घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, ठेवून गेला. चिपियोना गावात तेव्हा माशा खायला घरोघर घोयरा आणत. उन्हाळाभर तो स्वयंपाकघराच्या पडद्यावर राही. द्राक्षं तोडून झाली की त्याला मळ्यात सोडून यायचं. ते काम आन्सेल्मोचं. या वर्षी ते राहूनच गेलं. नवऱ्याच्या हातून घरात आलेला हा शेवटचा जीव, म्हणून युलालिया त्याला डोळ्यांत तेल घालून जपत होती. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकूनही बघत नसे, म्हणून पानावर पाणी शिंपडून ते पान त्याच्या तोंडाशी धरायची. आन्सेल्मोने त्याचं नाव ठेवलं होतं फ्रास्कितो.

ऑक्टोबरात फ्रास्कितोने खाणं सोडलं. हिरवागार होता तो काळवंडला, अंगावर पिवळे ठिपके उठले, पोट टम्म फुगलं. पडद्यावरून उतरून तो फरशी खरवडत बसे. युलालियाला काही सुधरेना.

"दुखवटा पाळतोय गं तो," शेजारची पाका म्हणाली. "तू काळं घातलंस, त्याने बघितलं."

"आणि हे पिवळे ठिपके?"

"मला काय विचारतेस? मी काय त्याची मावशी आहे?"

"दुखवट्यात पोट सुटतं का कुणाचं?"

"माझ्या सासऱ्यांचं सुटलं होतं."

युलालियाला पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. नवरा गेल्यापासून खिडक्या बंद होत्या, कॅनरीच्या पिंजऱ्यावर काळं फडकं होतं, ती स्वतः प्रार्थनेपुरती बाहेर पडत होती. तिने फ्रास्कितोलाही अंधाऱ्या खोलीत ठेवलं. तो तिथेही खरवडतच राहिला. तिला भीती वाटायला लागली. आन्सेल्मोनेही आधी खाणंच सोडलं होतं, आणि ती नुसती सूपची वाटी घेऊन उशाशी बसून राहिली होती.

शेवटी तिने त्याला अंगणातल्या जिरेनियमच्या कुंडीत ठेवलं. त्याने माती उकरली, तळ लागला तसा थांबला, आणि दुसऱ्या बाजूने उकरू लागला. याला घरी जायचंय, एवढंच तिला वाटलं. लोकांनी नावं ठेवली तर ठेवू देत. भर दुपारी त्याला खांद्यावर घेऊन ती वाळूतल्या मळ्याकडे निघाली.

वेलीखाली सोडताच तो वाळूत शिरला, नुसती शेपटी बाहेर राहिली. युलालिया उन्हात बसून राहिली. कितीतरी दिवसांनी पाठीला ऊन लागत होतं. बऱ्याच वेळाने तिने वाकून पाहिलं, तर खड्ड्यात पांढरी अंडी. तिला आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना. फ्रास्कितोने खड्डा नीट बुजवला आणि मागे वळूनही न बघता वेल चढून गेली.

गल्लीच्या तोंडाशी पाका उभी होती. "अगं, दुखवट्यात कुठे हिंडतेस?"

"बाळंतपणाला गेले होते," युलालिया म्हणाली, आणि घरात जाऊन तिने खिडक्या उघडल्या.