फळा असेल ती उत्तर दिशा

आमच्या शाळेत सूर्य दोन दिशांना उगवायचा. आकाशात तो बिचारा एकाच बाजूने वर यायचा, मैदानाकडून. पण तिसरी ‘ब’च्या भिंती वाचल्या तर तो उत्तरेला उगवलेला असायचा आणि व्हरांडा ओलांडून माझ्या तिसरी ‘अ’मध्ये आलात की दक्षिणेला. ही करामत आमच्या मोठ्या सरांची. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. उंचीने माझ्या खांद्याला लागायचे, पण शाळेत मोठं दुसरं कोणी असू नये अशी त्यांची पक्की समजूत होती.

कुठल्याशा शिबिरात दोन दिवस डुलक्या काढून ते परतले ते ‘बोलक्या भिंती’ घेऊनच. भिंतींनी मुलांना शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. मग आम्हाला कशाला ठेवलंय, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. रंगारी आला. पायऱ्यांवर पाढे आले, खांबांवर बाराखडी आली आणि प्रत्येक वर्गाच्या चार भिंतींवर चार दिशा आल्या. आता दिशा रंगवायच्या तर आधी बाहेर जाऊन बघावं की नाही? सरांनी खुर्चीतून बूड न हलवता हिशेब केला. नकाशात वरच्या बाजूला उत्तर असते. नकाशा टांगतात फळ्यावर. म्हणजे फळ्याची भिंत ती उत्तर. झालं! प्रत्येक वर्गात फळ्याच्या डोक्यावर हातभर निळ्या अक्षरांत ‘उत्तर’ लिहिलं गेलं. माझ्या वर्गाचा फळा रस्त्याकडे, समोरच्या वर्गाचा मैदानाकडे. एकाच शाळेत दोन उत्तरा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि खरी उत्तर दिशा राहिली तिसरीकडेच, पाण्याच्या टाकीच्या बाजूला.

रंगाऱ्याला शंका आली होती. शिडीवरून खाली वाकून तो मला म्हणाला की, बाई, सकाळचं ऊन तर मैदानाकडून येतं, मग हे कसं काय? चार बुकं न शिकलेल्या माणसाला जे दिसलं ते मला दिसत नव्हतं असं नाही. मी त्याला म्हटलं, तुला सांगितलंय तेवढं रंगव आणि मोकळा हो. बावीस वर्षं मी या शाळेत काढली होती. कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मूग गिळून बसायचं हे मला चांगलं कळत होतं. शिवाय सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीसाठी वर नाव पाठवायचं त्यांच्याच हातात होतं.

त्या वर्षी तिसरी ‘ब’ला नवी बाई आली. तात्पुरत्या नेमणुकीवर. वर्षाअखेरीच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी बरा शेरा दिला तर कायम, नाही तर नारळ. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शिकतोय, कमावणारी ही एकटी. हे तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, डबा खाता खाता, काही न लपवता. इतकं सरळ माणूस शाळेत टिकत नाही, असं माझ्या मनात आलं होतं.

तिचं नकाशा शिकवणं म्हणजे एक तमाशा. मी शिकवायची ते असं: भिंतीवर नकाशा टांगायचा, छडी लावायची, वर उत्तर, खाली दक्षिण, म्हणा रे दहा वेळा. दोन तासांत धडा संपला. एकदा एका पोराला उत्तर दिशा दाखव म्हटलं तर त्याने छताकडे बोट केलं. मी हसले आणि पुढे गेले. हिने मात्र पहिल्या दिवशी मुलांना आणायला सांगितल्या काडेपेट्या. काडेपेटी बाकावर ठेवायची, उभं राहून वरून बघायची आणि दिसते तशी काढायची. मग कंपासपेटी, मग बाक, मग सगळा वर्ग. खोलीची लांबी पावलांनी मोजायची, एका पावलाला वहीतला एक चौकोन. कोपऱ्यात खुणांची यादी: हा चौकोन म्हणजे बाक, ही रेघ म्हणजे दार. पंधरा दिवस तिचा वर्ग मैदानात मुंग्यांसारखा पावलं मोजत फिरत होता. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

आणि ती नकाशा भिंतीवर लावायचीच नाही. जमिनीवर पसरायची. मुलांना सांगायची की कागद फिरवा, कागदातलं दार खऱ्या दाराकडे आलं पाहिजे, टाकी टाकीकडे. मग सकाळी उन्हाकडे तोंड करून उभं राहा, डावा हात जिकडे जाईल तिकडे बाण काढा. ती उत्तर. पोरं पटापट काढायला लागली. त्यांच्यात एक होती, पुढचे दोन दात पडलेली, तोंडाला विसावा नाही म्हणून सगळे तिला फटफटी म्हणायचे. ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे वही घेऊन आली. अख्ख्या शाळेचा नकाशा. व्हरांडा, टाकी, मैदान, माझा वर्ग, माझ्या वर्गात माझी खुर्चीसुद्धा. बाण टाकीकडे. बावीस वर्षांत माझ्या एकाही पोराने असा नकाशा काढला नव्हता. मी म्हटलं, अक्षर सुधार आधी.

भिंत एक सांगते आणि आपण दुसरंच शिकवतो, हे नव्या बाईला डाचायला लागलं. ती सरांकडे गेली. सरांनी तिला नकाशा म्हणजे काय यावर अर्धा तास ऐकवलं आणि शेवटी म्हणाले की रंग एकदा दिला तो दिला, तपासणीच्या तोंडावर भिंती खरवडायच्या नाहीत. मग ती माझ्याकडे आली. तुम्ही एवढ्या जुन्या, बाई, तुम्ही सांगितलंत तर सर ऐकतील, असं म्हणाली. मी बघू, बोलते, म्हटलं. बोलले नाही. उलट मनात चिडले. हिला काय पडलंय? सहा महिन्यांची पाहुणी आणि आम्हाला दिशा दाखवते!

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले, चहा घेतला, हजेरीपटावर सह्या केल्या आणि घड्याळाकडे बघत म्हणाले की एखादा वर्ग पाहू. सरांनी त्यांना तिसरी ‘ब’मध्ये नेलं, कारण तिथल्या भिंती ताज्या रंगवल्यासारख्या दिसत होत्या. मी व्हरांड्यात दाराशी उभी होते. साहेबांनी भिंतीवरचं वाचलं, खूश झाले आणि समोर बसलेल्या फटफटीला विचारलं की उत्तर दिशा कुठे आहे. आता फळ्याकडे बोट दाखवावं, मोकळं व्हावं. पण ही बया उठली, वही जमिनीवर ठेवली, गुडघ्यांवर बसून ती नीट फिरवली आणि टाकीकडे बोट केलं. त्या भिंतीवर लिहिलं होतं ‘पश्चिम’.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. सरांचा चेहरा पडला, मग लालबुंद झाला. त्यांनी नव्या बाईकडे बोट दाखवून साहेबांना सांगितलं की या तात्पुरत्या आहेत, यांनी मुलांच्या डोक्यात भलतंच भरलंय, आमचा दुसरा वर्ग बघा. वरात माझ्या वर्गात आली. सरांनी विचारलं, आणि माझी चाळीस पोरं एका सुरात ओरडत फळ्याकडे हात करून उभी राहिली. रस्त्याकडे. साहेबांची मान समाधानाने हलली. व्हरांडा ओलांडताना आपण अर्धा गोल फिरलो, समोरच्या भिंतीवरची उत्तर आता पाठीमागे गेली, हे त्या महाभागाच्या लक्षातही आलं नाही. असली माणसं शाळा तपासतात.

तरी त्यांना कुठेतरी खटकलं असावं. परत ‘ब’ वर्गात येऊन त्यांनी नव्या बाईला हे असं कसं, ते विचारलं. ती घाबरली होती, पण शांतपणे म्हणाली, “साहेब, भिंतीवर चुकलंय. पोरीने काढलाय तो बाण बरोबर आहे.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला आत बोलावलं. तुम्ही इथे किती वर्षं आहात, विचारलं. बावीस, मी म्हटलं. मग त्यांनी फटफटीची वही माझ्या हातात दिली.

“बाई, तुम्ही जुन्या आहात. तुम्हीच सांगा. हिचा बाण बरोबर की भिंत बरोबर?”

खिडकीतून ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. डोळे मिटून सांगता आलं असतं. सर माझ्याकडे बघत होते, म्हणजे खुर्चीच माझ्याकडे बघत होती. नवी बाईही बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. तिला वाटलं, आता मी खरं सांगणार. त्या विश्वासाचाच मला राग आला.

“भिंतीवर लिहिलंय तेच बरोबर,” मी म्हटलं.

साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि सरांबरोबर जेवायला गेले. काय लिहिलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. नव्या बाईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार परत दिल्या असत्या. तिने टेबलावरच्या काडेपेट्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि तोंड धुवायला बाहेर गेली.

इतकी वर्षं मी सरांना मूर्ख म्हणत होते. ते मूर्ख होतेच, पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, आणि तरीही साहेबांच्या मागे धावत जावं असं काही पायांना वाटलं नाही.

वर्गावर कोणीतरी हवं म्हणून मी तिथेच उभी राहिले. फटफटीने वही माझ्या हातातून काढून घेतली. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बाकावर पडलेल्या उन्हाकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. मग तिने शेजारणीकडून खोडरबर मागून घेतला आणि बाण खोडायला लागली. मागच्या बाकांवरही वह्या उघडल्या, घासायचे आवाज यायला लागले. दाबून काढलेला बाण होता, सहज जाईना. कागद झिजला तरी ती घासत राहिली. मग जीभ बाहेर काढून, पट्टी लावून तिने नवा बाण काढला, फळ्याच्या दिशेने, आणि वही माझ्यासमोर धरली.

“आता बरोबर आहे ना, बाई?”

मी लाल पेन काढलं आणि बरोबरची खूण केली.