बीमखालचं पाळणाघर

नीट चिकटलेली पट्टी हातोडीने ठोकली की टणटणीत वाजते. ही फुटक्या मडक्यासारखी वाजली. शिडीवर उभ्या इंजिनीअरने पुढे सरकत पुन्हा पुन्हा ठोकून पाहिलं. पाळणाघर तिच्या वहिनीचं, काम तिच्या दादाचं आणि बीम मजबूत झाला म्हणून सही करायची हिने. धाकट्या बहिणीच्याच वाट्याला असली कामं का यावीत, देव जाणे.

छताच्या बीमला पोटाशी, खालच्या अंगाला तडा गेला होता. दादाने त्यावर कार्बन फायबरची काळी पट्टी चिकटवली होती, इतकी नीटनेटकी की दृष्ट लागावी.

"दादा, सगळी पोकळ वाजतेय."

"झालं का सुरू! इंजिनीअरीणबाई, आधी कान तपासून घ्या."

ती हसली नाही. "बीम घासून काँक्रीट उघडं केलं होतंस ना?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी जमिनीकडे बघत म्हणाली, "मीच नको म्हटलं. शेजारच्या खोलीत तान्ही पोरं, केवढी धूळ उडाली असती! हे म्हणाले, ऑइलपेंट पक्का आहे, वरवर घासून भागेल."

रागवायचं तरी कुणावर? तिने पट्टीच्या कडेला छिन्नी घातली. धड हिसकाही द्यावा लागला नाही, पट्टी सोलून हातात आली. पाठीला नुसता बीमचा निळा रंग, काँक्रीटचा कणही नाही. पट्टीने रंगाला धरलं होतं, बीमला नाही. आणि उघड्या पडलेल्या तड्यात तिचं नख सहज शिरलं. मागच्या खेपेला ते शिरत नव्हतं.

"बीमखालचे टेकू कुठायत?" तिचा आवाज चिरकला.

"काढले. पट्टी लागली, म्हटलं आता काय करायचेत? पोरं धडकत होती." दादाचं तोंड एवढंसं झालं.

"मी तपासायच्या आधीच?"

वहिनी हळूच म्हणाली, "दुपारी सगळ्यांना इथेच झोपवते गं मी. या खोलीत गारवा असतो."

दादा टेकू आणायला धावत सुटला. त्याने उघड्या टाकलेल्या दारातून एक पोरगी रांगत, हसत वहिनीकडे निघाली.

"येऊ नकोस!" पोरांवर कधी आवाज न चढवणारी वहिनी किंचाळली. पोरगी दचकून उंबऱ्यातच भोकाड पसरून बसली. वहिनीने झेप घेऊन तिला उचललं, उराशी घट्ट धरलं, तरी ती वहिनीकडेच भेदरून बघत होती.