मधली बॅच

नव्या अभ्यासक्रमाचा तक्ता स्थापत्य विभागाच्या बाईंनी दोन वर्षं खपून केला होता. कुठला विषय कोणत्या सत्रात, कशाआधी काय, सगळं तोंडपाठ. आज विद्यापरिषदेत तो मंजूर झाला की अधिष्ठातापद बाईंकडे येणार, हे विद्यापीठातल्या शिपायालाही ठाऊक होतं. आणि नेमकं आजच, बाई चपला घालत असताना, त्याच विभागात शिकणारी त्यांची लेक खुशीत म्हणाली,

"आमची बॅच नशीबवान आहे हं, आई. तुळयांचा विषय सुटला."

"सुटला म्हणजे?"

"जुन्यात तो चौथ्या सत्रात होता. तू तिसऱ्यात नेलास. आमचं तिसरं तर झालं. आता चौथ्यापासून नवा अभ्यासक्रम."

तुळई कुठे मोडते हे न शिकताच एक अख्खा वर्ग पूल आणि इमारती बांधायला निघणार होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"वर्गात माहीत आहे?"

"सगळ्यांना. पण सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलीय. तू बोललीस तर मीच फोडलं म्हणतील, मला कुणी जवळ उभं करणार नाही. झाकली मूठ राहू दे ना, आई."

परिषदेची रीत जुनी होती. कुलगुरू तीनदा "हरकत?" विचारायचे, तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही की ठराव पास. सभासदांचा जीव जेवणात अडकलेला, त्यामुळे हरकत सहसा येत नसे.

"हरकत?"

बाई खाली बघत राहिल्या. मागाहून गुपचूप दुरुस्ती करावी, तर मंजूर तक्ता चार वर्षं उघडायचा नाही, हा नियमही त्यांनीच घातलेला.

"हरकत?"

लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्यांदा विचारायला कुलगुरूंनी तोंड उघडलं, तशा बाई उभ्या राहिल्या.

"हरकत आहे. माझीच."

त्यांनी चूक उलगडून सांगितली. कुलगुरूंनी चष्मा काढला.

"दोन वर्षं दिसलं नाही, ते आज कसं दिसलं? कुणी सांगितलं?"

"मीच पुन्हा तपासलं," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते कुणाला पटलं नाही.

ठरलं असं, की त्या बॅचनं हा विषय सुट्टीत पुरा करायचा आणि बाईंनीच शिकवायचा. अधिष्ठातापदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पहिल्या तासाला वर्ग भरलेला, पण चिडीचूप. लेक शेवटच्या बाकावर एकटी, पुढचा बाकही रिकामा. घरी ती बोलायची बंदच झाली होती. शिकवणं सोडून तिच्याशेजारी जाऊन बसावं असं बाईंना फार वाटलं. त्याऐवजी त्या फळ्याकडे वळल्या आणि एक टोक भिंतीत घट्ट रोवलेलं, दुसरं मोकळं, अशी तुळई काढली.

"मोकळ्या टोकावर भार वाढवत नेला, तर ही कुठे मोडेल?"

मग अगदी मागून ओळखीचा आवाज आला.

"जिथे तिला धरलेलं असतं, तिथेच."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांना वर्गाकडे वळता आलं नाही.