तेल्हाऱ्याची टाकी

पुंजारामला जाऊन एक पावसाळा उलटला होता, तरी अकोल्याच्या त्या वर्कशॉपात सहदेव त्याच्या जागेवर उभा राहत नसे. दोघं तिथंच कार्बाईडच्या गॅसचं वेल्डिंग शिकले होते. एके दिवशी पुंजारामच्या टॉर्चचं नोझल काजळीनं तुंबलं, ज्योत उलटी रबरी नळीत शिरली आणि नळी त्याच्या छातीपाशी फुटली. तेव्हापासून सहदेव रोज पितळी तारेनं नोझलचं भोक साफ करी. तार सरळ आत घालायची, सरळ बाहेर काढायची. गोल फिरवली की भोक फाकतं, ज्योत तिरकी होते. झिजलेलं नोझल तो सरळ फेकून देई.

तरी ज्योत पेटली की तिच्या आवाजातून कुणी तरी खाकरल्यासारखं त्याला ऐकू येई. काही सांगण्याआधी पुंजाराम तसाच खाकरायचा. सहदेवनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

साठ सालच्या कापसाच्या हंगामात तेल्हाऱ्याच्या एका जिनातून, सरकी काढायच्या कारखान्यातून, बोलावणं आलं. इंजिनाची तेलाची टाकी गळत होती.

"धुऊन ठेवली, मिस्त्री. बिनघोर लावा," जिनावर देखरेख करणारे महादेवराव म्हणाले.

सहदेवनं ज्योत पेटवली आणि टाकीकडे वळला. फट्! विझली. त्यानं भोक साफ केलं, पुन्हा पेटवली. फट्! मग नोझल उतरवून कोरं बसवलं. लांब धरली तर ज्योत निळी, सरळ. टाकीकडे पाऊल टाकलं की फट्, आणि अगदी कानाशी ते खाकरणं. त्यानं वळून पाहिलं. मागं नुसता ऊन पडलेला ओटा.

त्यानं टॉर्च लांब नेऊन ठेवली, टाकीचं झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. आत तेलाची उग्र वाफ कोंडली होती; ज्योत लागती तर टाकीच फुटली असती.

"कोणं धुतली ही?"

"गड्याले सांगतलं होतं…" महादेवरावांचा चेहरा उतरला.

टाकी सोड्याच्या उकळत्या पाण्यानं पुन्हा धुतली. मग तिच्यात पाणी भरून सहदेवनं जोड मारला. ज्योत एकदाही विझली नाही.

अकोल्याला परतल्यावर तो पुंजारामच्या बायकोकडे, गोदाबाईकडे गेला.

"वयनी, भाऊनं मले वाचवलं," म्हणत त्यानं सगळं सांगितलं. ऐकून तिला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

गोदाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमाले भेटते तो," ती म्हणाली. "मी रोज वाट पाऊन राहिली. मले काहून नाई भेटत?"



दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर्कशॉपात आली आणि पुंजारामच्या जागेवर जाऊन बसली. "पेटवा," म्हणाली.

त्यानं पेटवली. ज्योत एकसारखी जळू लागली. गोदाबाई डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होती. सहदेवही ऐकत होता.

"बोलला काय?" तिनं विचारलं.

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात आलं.

"नाई, वयनी."

"जळू द्या. मी थांबते."

कार्बाईड संपेपर्यंत सहदेवनं ज्योत विझवली नाही.