गोल छपरांची शाळा

आजोबा लढाईच्या काळात लष्कराच्या विमानातून फोटो काढायचे. त्या फोटोंचे जाड अल्बम जेवणाच्या टेबलावर उघडून ते आता नातीला शिकवत. पहिला धडा असा, की वरून काढलेला फोटो सावल्या आपल्याकडे येतील असा धरायचा. उलटा धरला की डोळे फसतात, खड्डा टेकाडासारखा वर येतो. नातीने एक खाण फिरवून फिरवून पाहिली, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मग नादच लागला. हिच्यापुढे आता वैमानिकाचीही धडगत नाही, असं आजोबा म्हणायचे.

त्या दिवशी आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, शेजारी बसली होती. तिचा नवरा एका गावात शिक्षक होता. तिथल्या पुलावर बॉम्ब पडले आणि त्यानंतर त्याची खबर आली नाही. पण अल्बममधल्या, बॉम्ब पडल्यानंतरच्या फोटोत पुलाजवळची त्याची शाळा होती, गोल छपरं जशीच्या तशी. आजोबांनीच तिला ती दाखवली होती. शाळा उभी आहे तर माणूसही कुठेतरी असणार, या भरवशावर ती दरवर्षी त्याचा कोट उन्हाला घालायची. आजही तो अंगणात दोरीवर होता.

"माझी शाळा दाखव गं," ती म्हणाली.

नातीने पान काढलं. इतर फोटोंच्या कडेला तारीख-ठिकाणाची अक्षरं होती, या एकाच फोटोची मात्र कापलेली होती.

"राहू दे ते, पुढचं बघ," आजोबा घाईने म्हणाले.

पण शिकलेला हात थांबला नाही. "आजोबा, इथे तुम्हीच चुकलात की. सावल्या पलीकडे गेल्यात," म्हणत तिने अल्बम फिरवला.

छपरं खाली गेली. एकाशेजारी एक, खोल काळे खड्डे.

नातीने घाबरून पानावर तळवा ठेवला. आत्याआजीने तो हळूच बाजूला केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"दादा, तू चिकटवताना चुकणारा नव्हेस."

"तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता," आजोबा म्हणाले.

नात रडायला लागली. आत्याआजीने तिला जवळ ओढलं. तुझं काही चुकलं नाही, नीट शिकलीस, असं समजावलं. मग म्हणाली, "आता होता तसा कर बाई. एकदाच."

नातीने अल्बम फिरवला. सगळं कळूनही डोळे फसलेच. छपरं पुन्हा वर आली.

आत्याआजीने ती पाहून घेतली. मग अंगणात जाऊन तिने कोट उतरवला. दरवेळेसारखा खुंटीला न लावता त्याची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली.