कोपऱ्यातली चौकट

भाषण सुरू व्हायची वेळ झाली, तरी तिच्या हातात कागद पडला नव्हता. एरवी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाचा मजकूर आदल्या दिवशी यायचा. या वेळी निर्मात्याने, जे ऐकू येईल ते करा बाई, एवढंच सांगून तिला दिव्यांखाली उभं केलं.

सरकारी वाहिनीच्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत उभं राहून बहिऱ्यांना बातम्या हातांनी सांगायच्या, ही तिची नोकरी. आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे ही भाषा तिला वेगळी शिकावी लागली नव्हती.

राष्ट्राध्यक्ष शांतपणे बोलले. संसदेने घटना बदलली होती. पंतप्रधानपद रद्द झालं होतं, त्याचे अधिकार त्यांच्याकडे आले होते आणि दोनच कार्यकाळांची अटही गेली होती. जनतेचा आग्रह मोडवत नाही, म्हणून ते तिसऱ्यांदा उभे राहणार होते. तीन बोटं वर करताना ती अडखळली. मागच्या निवडणुकीत याच माणसाने ही आपली शेवटची वेळ असं सांगितलं होतं, तेव्हाही चौकटीत तीच होती.

बाहेर पडल्यावर तिला बसमध्ये बसवेना. ती चालतच निघाली. वाटेत चष्मेवाल्या काकांचं दुकान होतं. काका वडिलांचे मित्र, त्यांच्यासारखेच बहिरे. तिला पाहून ते पायरी उतरून आले आणि हातांनी म्हणाले, "तू तर सांगितलं होतंस, परत उभा राहणार नाही."

"मी नाही काका. ते म्हणाले होते."

"त्यांना आम्ही कधी ऐकलंय? आम्ही तुलाच ऐकतो."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आई इस्त्री करत होती. भाषण तिनेही पाहिलं होतं. मुलीला एका जागी बसवेना. तिने खिडकी उघडली, लावली, पाणी ओतून घेतलं आणि न पिता ठेवलं. शेवटी आईसमोर येऊन तिने सांगून टाकलं, की उद्या राजीनामा देते.

आईने इस्त्री उभी केली. "मग आम्हाला कोण सांगणार?"

"खोटं सांगत राहू?"

"खोटं कोणाचं, ते आम्हाला कळतं. तू सांगायचं थांबलीस तर तेही कळणार नाही."

तरी तिला राहवेना. कागद आधी मिळाला नाही, चेहऱ्यावर काही दाखवायची मुभा नसते, दाखवलं असतं तर नोकरी गेली असती... तिचे हात भराभर चालले, एकात एक अडकायला लागले. आईने पुढे होऊन ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. त्यांच्या घरात हात धरणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर हात ठेवणं. लहानपणीसुद्धा आईने असं कधी केलं नव्हतं.

आईचे तळवे इस्त्रीने गरम झाले होते. हात सोडवून घेता आले असते, पण ती तशीच उभी राहिली.