रुखवतातलं लेडीस्मिथ

भिमाजीला आयुष्यभर एकच गोष्ट सांगायची होती आणि ती कुणी पुरती ऐकून घेतली नव्हती. त्याचा बाप इंग्रजांच्या पलटणीत डोलीवाला होता, म्हणजे जखमींना उचलून नेणारा. देवळालीहून तो थेट आफ्रिकेला गेला आणि लेडीस्मिथ नावाच्या गावात, इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर शेतकऱ्यांच्या वेढ्यात चार महिने अडकला. भिमाजीनं ‘वेढा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला नेमकी बैलांना पाणी पाजायची आठवण व्हायची.

म्हणून पंच्याहत्तर साली नात मैनाचं लग्न ठरलं तसा म्हातारा हटून बसला, रुखवतात लेडीस्मिथच मांडायचं. नातही आजाच्याच वळणाची. मांडवातल्या टेबलावर करंज्यांची घरं उभी राहिली, भोवती बेसनलाडवांचे डोंगर, डोंगरांवर चकल्यांच्या चाकांच्या बोअर तोफा, आणि पलीकडे वेढा फोडायला आलेली शंकरपाळ्यांची इंग्रज फौज. रुखवत नवरीबरोबर सासरी जाईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तेवढ्या वेळात सगळं वऱ्हाड आपली गोष्ट ऐकेल, या आनंदात भिमाजीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

अक्षता पडल्या आणि घात झाला. आचाऱ्याचा टेम्पो भांड्यांसकट लष्कराच्या गाड्यांमागं अडकल्याचा निरोप आला. पहाटे नांदगावहून निघालेलं वऱ्हाड भुकेनं कासावीस झालं. पोरं रडू लागली, नवऱ्याचे मामा रुसले, आणि हळूहळू सगळे टेबलाभोवती गोळा झाले. भिमाजीनं हरखून घसा साफ केला. पण त्याच्याकडे बघतंय कोण? सगळ्यांचे डोळे डोंगरांवर.

मैना कानाशी येऊन म्हणाली, “आजा, आपल्यालाच वेढा पडलाय.”

म्हाताऱ्याचा जीव तुटला. पण दारातलं माणूस उपाशी ठेवून गोष्ट सांगायची तरी कुणाला?

“खा,” तो म्हणाला, “पण जे खाल त्याची गोष्ट ऐकावी लागंल.”

मग काय विचारता! मामांनी पहिला डोंगर उचलला आणि लाडू संपेस्तोवर बोअरांनी तोफांची जागा कशी हेरली ते ऐकलं. सुटकेची फौज तीनदा हरली, तीनदा पोरांनी शंकरपाळ्यांची मूठ उचलली. आम्ही शेतकऱ्यांच्याच बाजूचे, असं म्हणत अर्धं नांदगाव बोअर झालं आणि शंकरपाळ्यांचे इंग्रज चावून मोकळं झालं. चौथ्या खेपेला फौजेत शंकरपाळं उरलं नाही, तेव्हा भिमाजीनं घरातून मुरमुरे मागवून गाव सोडवलं. मांडव हसून हसून लोळायचा बाकी होता.

विहीणबाई कुसाबाई सगळ्यात शेवटी पुढं झाल्या. टेबलावर एकच तळलेला कणकेचा माणूस उरला होता, खांद्यावर डोलीचा दांडा घेतलेला. त्यांनी तो उचलला आणि नियमाप्रमाणे विचारलं, “हा कोण?”

“माझा बा,” भिमाजी म्हणाला. गोष्टीत इथवर तो आजपर्यंत कधी पोचलाच नव्हता. “वेढा उठला, गाड्या भरून अन्न आलं. आधी गोऱ्यांना वाढलं. बा म्हणायचा, आमची पाळी येईस्तोवर डेग रिकामी.”

तेवढ्यात टेम्पो आला, चुली पेटल्या आणि यथावकाश पंगत बसली. कुसाबाईंनी आपल्या शेजारी एक जादा पत्रावळ मांडायला लावली आणि कणकेच्या माणसाला तिथं बसवलं. वाढपी भात घेऊन आला, तसा त्यांनी आपल्या पत्रावळीवर हात आडवा धरला.

“आधी यांना वाढा,” त्या म्हणाल्या, “लय दिवसांचे उपाशी हायेत.”